‘बघतो’ हा आकडा नाही

आमच्या घरात प्रश्नाचं उत्तर आकड्यात द्यायची पद्धत नव्हती. किती पोळ्या वाढू, असं आईनं विचारलं की दादा म्हणायचा "दे दो", मी म्हणायची "बस", आणि आई आपल्या मनानं काय वाढायचं ते वाढायची. किती वाजले, तर "दूधवाला येऊन गेला". ताप किती आहे, तर "आहे अजून". आईला नुसता आकडा तोंडावर फेकणं जरा उद्धटपणाचंच वाटे. कुणी वय विचारलं तर ती "झालं आता" एवढंच सांगायची, मग ते स्वतःचं असो की गल्लीतल्या लिंबाच्या झाडाचं. घरात आकड्यांचे शौकीन एकटे बाबा. ते पंख्याचा वेगसुद्धा "तीनवर कर" असं सांगत. पंख्याचं बटण बिघडलेलं होतं आणि तो एकाच वेगानं फिरायचा, पण बाबा तीनवर म्हणाले की कुणीतरी उठून बटण फिरवून यायचं.

लखनौच्या विकास नगरमधलं ते घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं पत्र्याखाली थोडी जागा. तिथं आईचा भंडाऱ्याहून आणलेला पाटा-वरवंटा असे. उन्हाळ्यात दिवसभर कूलरच्या पंपाचा आवाज. तो बंद पडला की लाईट गेली हे कळायचं, आणि मग बाहेरचे आवाज आत यायचे. भाजीच्या गाडीवरचा भैया आता स्वतः ओरडत नसे, त्याची आरोळी कर्ण्यात भरलेली होती. तो सावलीत झोपलेला असला तरी कर्णा "आलू ले लो, प्याज ले लो" म्हणत राहायचा. ज्वारीचं पीठ नागपूरकडून येणाऱ्या कुणाच्यातरी बॅगेतून यायचं आणि संपत आलं की आईचा स्वभाव बदलायचा. रविवारी सकाळी बाबा जवळच्या कपूरथला चौकातल्या बाजारातून खस्ता कचोरी आणत. आई ती भाकरीसोबत खायची आणि आम्ही हसलो की म्हणायची, "तुम्ही खा तुमच्या पद्धतीनं."

बोलणं असंच मिसळलेलं. आई-बाबा मराठीत बोलत, मी आणि दादा हिंदीत उत्तर देत असू, आणि यात काही गैर आहे असं चौघांपैकी कुणालाही वाटत नसे. मराठी लिहायला मी फार उशिरा शिकले. हे जे लिहिते आहे ते वाचून आई म्हणाली असती, "हे असं कोण बोलते?" बाबा एका सरकारी कंपनीच्या हिंदी विभागात अधिकारी होते. भंडारा जिल्ह्यातला माणूस लखनौत बसून लखनौच्या लोकांचं हिंदी दुरुस्त करी. लखनौचे लोक मान डोलवून "जी, बेहतर" म्हणत आणि पुन्हा आपलं होतं तसंच लिहीत.

आनंददादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याच्याविषयी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. तो सरकारी नोकरीची परीक्षा पास झाला. नेमणुकीचं पत्र आलं. आईनं गल्लीत पेढे वाटले. आणि रुजू व्हायच्या दिवशी दादा रुजू झाला नाही. त्यानं शहराच्या टोकाला, चिनहटला, प्लास्टिकच्या बादल्यांचे साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात काम धरलं होतं, कारण त्याला मशिनं आवडत. बस, एवढंच कारण. दुसरं कारण त्यानं दिलं नाही आणि बाबांना ते पुरलं नाही. बाबांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची बंदी होती. बाबांचे वडील शिपाई झाले, बाबा अधिकारी झाले. आमच्याकडे सरकारी नोकरी हे पोट भरायचं साधन नव्हतं, ती गावाला दिलेली चपराक होती. आणि घरातला मोठा मुलगा ती चपराक द्यायचं सोडून बादल्यांचे साचे बनवणार म्हणत होता.

बाबा ओरडले नाहीत. कढी-भात जेवताना म्हणाले, "आजपासून या घरात तीन माणसं." आम्ही चौघं जेवत होतो. दादानं ताटातला भात संपवला, ताट घासलं, आणि कपड्यांची बॅग घेऊन चिनहटला गेला. त्यानंतर बाबा संध्याकाळी फिरायला बाहेर पडले की आईचा फोन वाजायचा. ती मागं पत्र्याखाली जाऊन "जेवला का, काय जेवला" एवढंच बोलायची. बाबा परतल्यावर दारातून हटकून खाकरायचे, म्हणजे फोन ठेवायला वेळ मिळावा. मला दादा घरी परत यायला हवा होता. मला तेव्हा दुसरं काहीच नको होतं, अकरावीत चांगले मार्कसुद्धा नको होते, आणि ते मिळतही नव्हते.

आता पौर्णिमेच्या जेवणाचं. वैशाखात बुद्धपौर्णिमेला लखनौतल्या मराठी घरांचं एकत्र जेवण असे, महानगर नावाच्या वस्तीतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये. बहुतेक आमच्यासारखी, सरकारी नोकऱ्यांमागं इकडं आलेली विदर्भातली बौद्ध घरं. शिवाय हवाईदलातली, सैन्यातली चार घरं, जी मूळची कोल्हापूर-साताऱ्याकडची आणि मुख्यतः जेवायला येत. जेवणाची जबाबदारी कित्येक वर्षं बाबांकडे होती. ते प्रत्येक घरी फोन करत आणि ठरलेलं वाक्य बोलत: "नमस्कार. रामटेके बोलतो, विकास नगर. पौर्णिमेला तुमच्या घरून किती पानं?" पानं म्हणजे जेवणारी माणसं. कोण येणार आणि कोण नाही, हे बाबा कधीही विचारत नसत. त्यांचं म्हणणं, एकदा ‘कोण’ विचारलं की सासूचं गुडघेदुखीचं ऑपरेशन येतं, जाऊबाईंशी झालेलं भांडण येतं, आणि तासाभरानं फोन ठेवला तरी पानं किती ते कळत नाही. लखनौत मराठी घर असेल तर फोन गेलाच पाहिजे, आणि फोनवर फक्त आकडा. असे त्यांचे दोन नियम होते.

पण आकडा कोण देतो? गजभिये काका म्हणत, "आम्ही चार, पण चौथ्याचं नक्की नाही." पाटील वहिनी म्हणत, "हे ड्यूटीवरून आले तर आम्ही सगळे, नाहीतर मी आणि बाळ." कुणी म्हणे "नेहमीचेच". बरेचजण म्हणत "बघतो". बाबा तिथंच थांबवत, "‘बघतो’ हा आकडा नाही." त्यात मुलांचं वेगळं. दहा वर्षांखालचं मूल म्हणजे अर्धं पान, असा जुना हिशेब होता, त्यामुळे घराघरातून साडेतीन, अडीच, साडेचार असली उत्तरं यायची. स्वयंपाकी गयाप्रसाद भैया दरवर्षी एकूण आकडा ऐकून म्हणायचे, "साहब, ये आधा आदमी खाता तो पूरा है."

त्या वर्षी अकरावीत मी कॉम्प्युटर हा विषय घेतला होता. बाबांनी ऑफिसच्या लिलावातून एक लॅपटॉप आणला. त्याची बॅटरी गेलेली होती, म्हणून तो वायरीला बांधूनच चालायचा. शाळेत निगार मॅडम आम्हाला पायथन शिकवायच्या. त्या कधी आवाज चढवत नसत आणि मुलांनाही "आप" म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक प्रोग्रॅम करून आणायला सांगितला, जो घरच्या कशाच्यातरी उपयोगाला यावा. मी म्हटलं, पानांची बेरीज करून आणते. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी लॅपटॉपखाली घालायला स्वतःचा टॉवेल दिला.

पहिला प्रोग्रॅम साधा होता. एकेका घराचा आकडा विचारायचा आणि सगळे अधिकचं चिन्ह घालून जोडायचे. सुरुवातीला पाच घरं धरून बघू म्हटलं. बाबा शेजारी चष्मा लावून बसले आणि सांगत गेले: चार, तीन, पाच, दोन, सहा. मी टाईप केलं, बटण दाबलं. उत्तर आलं ४३५२६.

बाबांनी ते वाचलं. "त्रेचाळीस हजार पाचशे सव्वीस," ते म्हणाले. थोडा विचार केला. "एवढ्या पत्रावळी नाही मिळायच्या."

दुसऱ्या दिवशी मी निगार मॅडमना दाखवलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 4 काढला आणि विचारलं, "ये क्या है?" वर्ग म्हणाला, "चार." त्या म्हणाल्या, "जी नहीं. ये चार की तस्वीर है." मग समजावलं की आपण बटणं दाबून जे काही आत देतो ते कॉम्प्युटर अक्षर समजूनच घेतो, मग ते अ असो की 4. दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली तर दोन चित्रंच दिसतात, त्यांची बेरीज होत नाही. त्या चित्राला आधी सांगावं लागतं की बाबा रे, तू आता संख्या हो. त्यासाठी एक शब्द आहे, int. त्याच्या कंसात चित्र घातलं की बाहेर पूर्ण संख्या येते. मला हे फार आवडलं. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ अवघड गोष्टी शिकले, त्यांतल्या बऱ्याच विसरले, पण चाराचं चित्र आणि चार वेगळे असतात हे ऐकून डोक्यात जे झालं ते तसं पुन्हा झालं नाही.

int टाकला आणि पाच घरांची वीस पानं झाली. बाबा म्हणाले, "आता बरोबर आहे," जणू काही मधला दिवस मशीनची चूक होती. मग त्यांनी स्वतः टाईप करायचं ठरवलं. ते ऑफिसात रोज हिंदीत टाईप करत, त्यामुळे त्यांच्या बोटांना देवनागरीचीच सवय. त्यांनी 4 ऐवजी ४ टाईप केला. मी म्हटलं, "बाबा, ये नहीं चलेगा." ते म्हणाले, "का नाही चालणार? चार आहे ना?" आणि चालला. पायथननं देवनागरी चार बिनतक्रार घेतला. बाबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीन जणांना सांगितलं की परदेशातली ही भाषा राजभाषा विभागापेक्षा समजदार आहे.

पण समजूतदारपणा तेवढ्यापुरताच. बाबांनी ‘४ जण’ असं टाईप केलं तर लाल अक्षरांत एक ओळ आली, ValueError, आणि प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडला, आधी भरलेल्या सगळ्या घरांसकट. ‘चार’ लिहिलं तरी तेच. ‘चौथ्याचं नक्की नाही’ लिहून बघितलं तरी तेच. आकड्याच्या मागंपुढं मोकळी जागा सुटली तर तो सोडून देई, बाकी कशालाच माफी नाही. आणि ‘4.5’ लिहिलं तरी लाल ओळ! पूर्ण संख्या म्हणजे पूर्ण. अर्ध्याला तिथं जागा नव्हती. अर्ध्याची सोय करायची वेगळी पद्धत असते, आम्हाला ती पुढच्या महिन्यात शिकवणार होते, पौर्णिमा त्याआधी होती. बाबांनी एक संध्याकाळ विचार केला आणि ठरवलं की मशीनच्या सोयीसाठी या वर्षी अर्धं पान रद्द. लखनौतल्या मराठी मुलांना त्या वर्षी असा पूर्ण माणसाचा दर्जा मिळाला. गयाप्रसाद भैया म्हणाले, "देर से सही."

बंद पडण्यावर निगार मॅडमनी उपाय दिला. आलेलं उत्तर संख्या नसेल तर मरून पडायचं नाही, पुन्हा विचारायचं. "जब तक नंबर न मिले, पूछती रहिए," त्या म्हणाल्या, "इसमें कोई बेअदबी नहीं." मी पुन्हा विचारायची ओळ लिहिली, "नंबर बताओ". बाबांनी ती वाचली, खोडायला लावली आणि स्वतः सांगितली: "कृपया केवल पूर्णांक प्रविष्ट करें." मी म्हटलं, "इतना कौन समझेगा?" ते म्हणाले, "समजायची गरज नाही. घाबरले पाहिजेत."

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी दुपारी आम्ही फोनला बसलो. कूलरसमोर पलंग, पलंगावर टॉवेल, टॉवेलवर लॅपटॉप. बाबा फोन स्पीकरवर ठेवत, वाक्य बोलत, समोरून आलेलं मी टाईप करत असे. बाबांची अट होती की येईल ते जसंच्या तसं टाईप करायचं, मशीन काय म्हणते ते बघायचं, आणि मशीन म्हणेल ते समोर सांगायचं. त्यामुळे गजभिये काकांना बाबांनी फोनवर वाचून दाखवलं, "कृपया केवल पूर्णांक प्रविष्ट करें." पलीकडे काकांनी घरात कुणालातरी हाक मारली. मग काका हळूच म्हणाले, "चार लिहा." चौथ्याचं नक्की झालं होतं. पाटील वहिनींनी दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, असं आहे होय? मग तीन." इतक्या वर्षांत जे बाबांना जमलं नव्हतं ते त्या एका ओळीनं दुपारभरात केलं. लोकांनी नवऱ्यांना विचारलं, सासवांना विचारलं, आणि आकडे दिले. आई मागं पत्र्याखाली मसाला वाटत होती. पौर्णिमेला पाटवड्यांचा रस्सा आमच्या घरून जायचा. वरवंट्याचा आवाज मधूनमधून थांबायचा, म्हणजे ती ऐकत होती.

शेवटी आमचं घर राहिलं. बाबा नेहमी स्वतःचं घर शेवटी धरत. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि एका बोटानं टाईप केलं: ३. मशीननं घेतलं. लाल ओळ आली नाही, काही विचारलं नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काय होईल असं वाटलं होतं ते सांगता येत नाही, पण मशीननंही आमचे तीनच मान्य केले याचा मला राग आला. इतके दिवस जीव तोडून मी हे मशीन तयार केलं होतं आणि ते बाबांच्या बाजूचं निघालं.

आई पदराला हात पुसत दारात आली. "किती लिहिले आपले?"

"तीन," बाबा म्हणाले.

"बरं." आई तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "मग चिनहटचं घर राहिलं."

"कोणतं चिनहटचं घर?"

"तिथं एक मराठी पोरगा राहते. भंडाऱ्याकडचा आहे. आपल्यात धरला असता तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही नाही धरला. मग त्याचं घर वेगळं झालं. लखनौत मराठी घर असन तर फोन गेलाच पाहिजे, असं तुम्हीच म्हणता."

दादा गेल्यापासून आईनं या विषयावर बाबांसमोर तोंड उघडलं नव्हतं. मला वाटायचं ती घाबरते. ती घाबरत नव्हती, वाट बघत होती. बाबांशी भांडून कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही, कारण भांडणात बाबांना मजा येत असे. पण स्वतःचा नियम ते मोडू शकत नसत, आणि त्यांच्याशी इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं.

"नंबर काय आहे त्याचा?" बाबा म्हणाले.

"तुमच्याकडं आहे," आई म्हणाली.

बाबांनी फोन हातात घेतला. नंबर शोधावा लागला नाही. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला, बाकीच्या घरांसाठी ठेवला होता तस्साच. रिंग जात राहिली. मला वाटलं, उचलू नये. मग वाटलं, उचलावा. मग पलीकडून मशीनचा मोठा धाडधाड आवाज आला आणि त्यातून दादा म्हणाला, "हॅलो? ... बाबा?"

"नमस्कार," बाबा म्हणाले. "रामटेके बोलतो, विकास नगर. पौर्णिमेला तुमच्या घरून किती पानं?"

बाबांनी दादाला ‘तुम्ही’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पलीकडचं धाडधाड थोडं लांब गेलं. दादा बहुतेक बाहेर येऊन उभा राहिला असावा, कारण आता रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता.

"तुम्ही बोलावून राहिले का?" दादानं विचारलं. मराठीत विचारलं. घरात असताना तो कधी मराठीत बोलला नव्हता.

"मी विचारून राहिलो. सगळ्यांना विचारतो. किती?"

"बघतो."

"‘बघतो’ हा आकडा नाही," बाबा म्हणाले. मग ते एकदा खाकरले. "इथं मशीन आहे. त्याला आकडा लागते. नाहीतर ते विचारतच राहते."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिच्या बोटांना मसाला लागलेला तसाच होता. मी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून 1 हे बटण शोधून ठेवलं होतं. एवढंच हवं होतं मला, एक. एक आला की तो आणि आम्ही तीन, हॉलमध्ये एकाच रांगेत बसणार. माझं इतकं सरळ गणित होतं.

"दोन," दादा म्हणाला.

कूलरचा पंप चालू होता, तरी फोन नीट ऐकू आला होता. बाबांनी फोनकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं आणि मला दिसलं की ‘कोण’ हा शब्द त्यांच्या जिभेवर अगदी टोकाला येऊन थांबला आहे. मग त्यांनी तोंड मिटलं.

"दोन," ते म्हणाले. "नोंद झाली. बारा वाजता, महानगर. चपला बाहेर काढायच्या." हे ते प्रत्येक घराला सांगत. नंतर एक वाक्य त्यांनी जास्तीचं टाकलं, "ऊन फार आहे, डोक्याला बांधून या," आणि फोन बंद केला.

मी 2 टाईप केला. मशीननं घेतला. निगार मॅडमनी एक गोष्ट आम्हाला शिकवली नव्हती, किंवा शिकवली असेल आणि मला तेव्हा कळली नसेल. शब्द आला तर मशीन दारातच अडवतं, पण आकडा आला की मग काही विचारत नाही. दोन म्हणजे दोन. दुसरं पान कुणाचं, लग्न झालं आहे की व्हायचं आहे, जात कोणती, घरच्यांना माहीत आहे का, काही नाही. मी पुढं आयुष्यभर याच कामात राहिले, आणि मशीननं जरा चौकशी करावी असे आकडे पुष्कळ पाहिले. पण त्या दुपारी त्यानं चौकशी केली नाही याचे मी अजून उपकार मानते. मला रडू फुटलं. टॉवेल लॅपटॉपखाली होता म्हणून मी ओढणीनं डोळे पुसले.

"दोन?" आई म्हणाली. "दोन म्हणजे कोण कोण?"

"ते आपण विचारत नाही," बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही विचारत. मी आई आहे त्याची. मला त्यानं एका शब्दानं..." ती बोलता बोलता थांबली आणि वेताच्या मोढ्यावर बसली. रोज संध्याकाळी पत्र्याखाली जेवला का, काय जेवला, एवढं सगळं बोलूनही तिला हे माहीत नव्हतं. दोन म्हणजे काय ते बाबांना तिच्या आधी एक सेकंद उमगलं होतं. घरात आत्तापर्यंत असं कधी झालं नव्हतं. मला वाटतं, त्या एका सेकंदानं बाबांचा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा ते पुढं बरीच वर्षं सांभाळून होते, पण त्याचा कुणाला विशेष त्रास झाला नाही.

पडद्यावर एकूण पानांची बेरीज आली होती. बाबांनी ती वाचली नाही. गयाप्रसाद भैयांना फोन करायचा होता, तोही केला नाही. ते उठले, चष्मा काढून खिशात ठेवला, मागं पत्र्याखाली गेले. आई त्यांच्यामागून गेली आणि पुन्हा पाट्यासमोर बसली. बाबा तिथं उभं राहून भिवापुरी मिरच्यांच्या ढिगाकडे बघत राहिले. आईनं मूठभर मिरच्या पाट्यावर घेतल्या.

"तिखट जरा कमी टाक या वर्षी," बाबा म्हणाले. "इकडची असली तर सोसायचं नाही तिला."

आईनं वर पाहिलं नाही. आणखी दोन मिरच्या उचलून पाट्यावर टाकल्या आणि वरवंटा फिरवायला लागली.

"होईल सवय," ती म्हणाली.